समोरच्या खुर्चीची बशी

रामला, ता. ११ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. डेझीस, सेगुलाचे अ. उ. आ. आणि शालोम.

नाही ग बाई, कच्ची मासळी मी नाही खाल्ली. तुझ्या कानात कुणी भरलं, ओफ्रानेच ना? तुझी लेक तेल अवीवला नोकरी करते की माझ्यावर पाळत ठेवते? होय, तिथल्या त्या जपानी हॉटेलात मी जाते. महिन्यातून एकदा, मंगळवारी, दुपारच्या बसने. विधवा बाईने काय जन्मभर कुपात खोलीमच्या दवाखान्यात रांगेतच बसायचं, डॉक्टरची वाट बघत?

तिथली गंमत ऐक. बसल्याबरोबर गरम ओला टॉवेल देतात, हात पुसायला. पहिल्या खेपेला मी तोंड, मान, बगलेपर्यंत सगळं पुसून काढलं. वाढणारी पोरगी बघतच राहिली. पोरगी जपानी नाही हो, मोरोक्कोवाल्यांची आहे, अंगरखा तेवढा जपानी. मग दोन काड्या देतात. मी तिला सांगितलं, देवाने पाच दिल्यात त्या बऱ्या आहेत. भात मात्र छान, आपल्या रेवदंड्याच्या पेजेसारखा चिकट.

तुझा गुडघा कसा आहे? जावयाची बोलणी खात बसण्यापेक्षा ये इकडे, माझ्याकडची फुकट आहेत.

माया कमी करू नकोस, संशय जरा कमी कर.

तुझी वहिनी,
सेगुला


अश्केलोन, ता. २० नोव्हेंबर १९८४

ती. सेगुलावहिनीस, डेझीचा शि. सा. शालोम. वि. वि.

वहिनी, हसण्यावारी नेऊ नका. ओफ्रा म्हणाली, तुमच्या समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे भरलेली बशी होती. कुणासाठी? मी घरात कुणाला बोलले नाही.

नऊ डिसेंबरला एलिएझरदादाला जाऊन वर्ष होईल. मलिद्याचं ताट मी करते. पोहे, खोबरं, खजूर, सगळं आणलंय. पण ताटाशेजारी दादाच्या आवडीचं काय ठेवायचं? शेवटी शेवटी त्याने काय मागितलं? मी तेव्हा पाय मोडून अंथरुणात, त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. तुम्हांला तीनदा विचारलं, तीनही वेळा तुम्ही थट्टा केलीत.

गावात शेजारणी म्हणायच्या, माणसाची इच्छा राहिली तर कावळा शिवत नाही. आपल्या यहुद्यांत कावळा नाही. पण दादा माझ्या स्वप्नात येतो, ताटावर बसतो आणि जेवत नाही. सांगा हो, काय राहिलं त्याचं?

रागावलात तरी चालेल, पण उत्तर पाठवा.

आपली,
डेझी


रामला, ता. २ डिसेंबर १९८४

चि. सौ. डेझीस, अ. उ. आ.

नणंदच तू, सोडायची नाहीस. बशी तुझ्या दादाची. दुसरा कोण बसतोय माझ्यासमोर, या दातांकडे बघून?

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी ह्यांचा वाढदिवस होता. आमची लेक रिव्का आम्हांला त्या हॉटेलात घेऊन गेली. पोटातल्या गाठीने ह्यांचं काय उरलं होतं, नुसता शर्ट. घरी दोन घास पेज जायची नाही. तिथे शेजारच्या टेबलावर तळलेली कोळंबी आली, पांढऱ्या पिठातली, शेपट्या वर. वास आला आणि हे ताठ बसले. मला म्हणाले, लहानपणी कोळणीच्या चुलीपाठी बसायचो, तिच्या कोळंबीच्या वासाला लावून कोरडी भाकरी खायचो. बाबांनी त्यापायी वेताने फोडलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

मग मराठीत, रिव्काला कळू नये म्हणून, हळूच म्हणाले, सेगुला, जन्मभर धर्म पाळला. खवलं नसलेल्या मासळीला हात लावला नाही. आता एक खाऊ दे. एकच.

आणि मी काय केलं? त्यांच्या हातावर चापट मारली आणि म्हटलं, मरताना तरी देवाची लाज धरा. थट्टेने ग, माझ्या नेहमीच्या. पण मरणाचा शब्द तोवर घरात कुणी काढला नव्हता. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि गुमान भात खाल्ला.

त्यानंतर सहा आठवडे त्यांनी काही मागितलं नाही. पाणीसुद्धा मीच विचारून पाजायचे.

म्हणून जाते तिथे. त्यांच्या खुर्चीपुढे कोळंबीची बशी मांडते, निवेपर्यंत बसते, उठून येते. मलिद्याच्या ताटाशेजारी ती ठेवता येणार आहे का, तूच सांग. तू आपले नारळाच्या दुधातले घावन ठेव. तेही त्यांना आवडायचे.

माया ठेवायची की नाही, ते पुढचं वाचून ठरव.

गेल्या मंगळवारी मी ती खाल्ली, डेझी. चारच्या चार, शेपट्यांसकट. वाटलं होतं, बेचव निघेल आणि मी सुटेन.

चांगली होती ग. फार चांगली होती.

सेगुला