गळ्याचं बटण

नांदुरा, बुधवार

चि. प्रज्वल यास,
काकाचे आशीर्वाद आणि एक गंभीर तक्रार.

तुझ्या मानेमुळे आपल्या घराचे शिंप्याशी संबंध बिघडले आहेत. त्याने टेप दोनदा लावून विचारलं, "मास्तर, ही मान हाय का विजेचा खांब? याले कॉलर शिवू तरी कशी?" रग्बीत पहिल्या ओळीत वाकून समोरच्या आठ जणांचा जोर झेलणाऱ्या प्रॉपची मान अशीच होते, हे मी त्याला समजावलं. भारताकडून अकरा सामने खेळलास, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मंग भारतालेच शिवू द्या."

वर्गात 'वृषस्कंध', म्हणजे बैलासारख्या खांद्यांचा, हा शब्द आला की मी तुझाच फोटो दाखवतो. पोरं समास विसरतात, तुला विसरत नाहीत.

तुझ्या बहिणीच्या, समीक्षाच्या साखरपुड्याला तुझं गळ्याचं बटण मी लावलं. तुझ्या आईने दारातून विचारलं, "भाऊजी, काय होऊन राह्यलं त्याले?" मी म्हणालो, "कॉलर तंग शिवली हो."

पण उजव्या बाहीचं बटण तर सैल होतं, तेही तुझ्या डाव्या बोटांना सापडेना. तू हळूच म्हणालास, "श्रीलंकेच्या मॅचपासून मानेतून बोटांपर्यंत मुंग्या येतात, काका. आईले सांगू नका. टीमच्या डॉक्टरलेही नाही सांगितलं."

हे तिसरं पत्र. आधीची दोन शिंप्याच्या गमतीपाशीच संपवून कपाटात ठेवली. तुझा खेळ माझ्यामुळे सुटला असं व्हायला नको, म्हणून हेही बहुधा तिथेच जाईल.

रविवारच्या सामन्यात तू पुन्हा वाकशील. मी गप्प राहिलो आणि तू उठलाच नाहीस तर, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
मुकुंदकाका