मंगळवेढ्याच्या पुढे

सोलापूर

प्रिय अक्षू,

तुझ्या आईला, अव्वाला माती देऊन तू बंगळूरला गेलीस, तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. मोबाइलवर लिहायला घेतलं होतं, पण अंगठ्यानं एवढं सगळं लिहिणं मला जमत नाही. म्हणून गॅरेजच्या टेबलावर बसून कागदावर लिहितोय. घर ठीक आहे. शेजारच्या निंगव्वा डबा देतात, मी जेवतो. तुळशीला पाणी घालतो. तुझ्या अव्वाच्या साड्या तू दुमडून ठेवल्यास तशाच आहेत.

मला तुला गाडीबद्दल सांगायचं आहे. आपली ॲम्बॅसिडर मी श्रीपूरकडच्या एका लिलावात घेतली तेव्हा तू चौथीत होतीस. पुढे मी तिचं जुनं इंजिन काढून डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. तेव्हापासून पन्नासच्या पुढे गेली की ती थरथरायची. आरशात मागचा एकच ट्रक दोन दिसतो म्हणून तू हसायचीस. मी चाकं बॅलन्स केली, गिअरबॉक्सपासून मागच्या आखापर्यंत जाणारा शाफ्ट दोनदा काढून तपासला. थरथर गेली नाही. मग सवय झाली. जुन्या गाडीत एवढं चालायचंच, असं मीच गिऱ्हाइकांना सांगायचो.

दिवाळीनंतर अव्वाचा आजार मणक्यात आणि खुब्यात उतरला, हे तुला माहीत आहे. तिची झोप पार उडाली होती, हे तिनं तुला फोनवर कधी कळू दिलं नाही. गोळीनं जरा डोळा लागायचा, की कूस वळताच कण्हत जागी व्हायची. संक्रांतीनंतर एकदा म्हणाली, "एकदा माहेरी, मंगळवेढ्याला न्या की. भावाला बघते. रानात ज्वारी उभी असंल." मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स सांगतो. तिनं मान हलवली. म्हणाली, "खड्डा आला तर कळतंय, दात आवळून धरता येतंय. ती बारीक थरथर लई वाईट. हाडात शिरती आन् निघतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी गॅरेजातला धुळा आणि मी ॲम्बॅसिडर पिटवर, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे फिरते सांधे असतात. शाफ्ट तिरका फिरला की प्रत्येक क्रॉस थोडा झटका देतो. पुढच्याचा झटका मागच्यानं खाल्ला की गाडी शांत चालते, पण त्यासाठी दोन्हीकडचा कोन सारखा लागतो. आपल्या नव्या गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकलेली होती आणि मागच्या आखाचं तोंड जुन्याच जागी होतं. इतकी वर्षं मी नुसता शाफ्ट तपासत होतो. तो ज्या दोघांच्या मधे बसलाय ते कुठं तोंड करून आहेत, ते मी पाहिलंच नव्हतं.

पहिल्यांदा गाडी जॅकवर उचलून कोन घेतले, ते खोटे निघाले. चाकं लोंबकळत असली की स्प्रिंगचे पाटे सैल पडतात. चाकं जमिनीवर हवीत आणि गाडीत जेवढं वजन जाणार तेवढं आत हवं, तरच खरा कोन मिळतो. अव्वा मागच्या सीटवर आडवी होणार, म्हणून धुळानं ज्वारीचं पोतं आणून तिथं ठेवलं. मी पोत्याचं तोंड सोडून ज्वारी काढायला लागलो. धुळा बघत राहिला. बरीच काढल्यावर म्हणाला, "मालक, अक्का एवढ्या हलक्या न्हाईत." मी आणखी थोडी काढली.

गिअरबॉक्सखाली पट्टी घालून त्याची शेपटी उचलली. मागं पाटे आणि आख यांच्यामध्ये लोखंडी पाचरी घातल्या. त्या आधी उलट्या बसल्या आणि गाडी चाळीसच्या वेगालाच हादरायला लागली. सगळं परत खोललं. शेवटी कोन मोजायचं चुंबकाचं मीटर दोन्हीकडे जवळपास सारखा कोन दाखवायला लागलं, तेव्हा धुळा मागच्या सीटवर डोळे मिटून आडवा झाला आणि मी तिऱ्ह्यापर्यंत गाडी पळवून आणली. उतरताना तो म्हणाला, "आता निस्ता रस्ता लागतोय मालक. गाडी लागतच न्हाई."

सकाळी ऊन वर यायच्या आत आम्ही निघालो. अव्वानं ती जांभळी इरकल मागून घेतली होती. बेगमपूरपर्यंत ती बोलत होती, तुझ्या लहानपणाचं काहीतरी. मग गप्प झाली. मला वाटलं, दुखतंय. आरशात पाहिलं तर तोंड थोडं उघडं पडलेलं, कपाळाची आठी गेलेली. झोपली होती. घोरत होती, अक्षू.

सोमेशमामानं तुला सांगितलं ते खरं आहे. आम्ही येणार म्हणून तो मंगळवेढ्यात कोपऱ्यावर उभा होता, त्यानं हात वर केला, आणि मी गाडी थांबवली नाही. मग त्याचा फोन आला, मी माझा मोबाइल बंद केला. आमचं दोघांचं कधी पटलं नाही, म्हणून मी मुद्दाम तिला माहेर दाखवलं नाही, असं त्याला वाटतं. तुलाही तसंच वाटतंय. पण गाडी थांबली असती तर ती जागी झाली असती, आणि कित्येक आठवड्यांत ती तशी झोपली नव्हती. मी सांगोल्याच्या दिशेनं चालवत राहिलो. दोन्ही बाजूंना तिची ज्वारी उभी होती. टोलनाक्यावर थांबावंच लागलं, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आलं का मंगळवेढं?" मी म्हटलं, अजून यायचंय. "मग येऊ दे सावकाश," म्हणाली आणि परत झोपली. सांगोल्याजवळून गाडी वळवली, पण परतताना दुखणं इतकं वाढलं की कुठंच न थांबता घरी आणावं लागलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. तिची भावाची भेट मी घालवली, हे मी सोमेशला जाऊन सांगेन. पण तिला मी उठवायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. चुकलं असं तुला वाटत असेल, तर इथं येऊन माझ्या तोंडावर सांग. मी ऐकून घेईन. पण ये.

तुझेच,
अप्पा