जुन्या टाकीचं पाणी

४ ऑगस्ट
इलेक्ट्रोड पुन्हा मेला. निकेलच्या जाळीवर लोखंडाचा थर, पाणी फोडून हायड्रोजन काढायला. महागडे धातू लागतच नाहीत, असं मी यवतमाळभर सांगत फिरले. मार्चमध्ये महिनाभर टिकला. आता दोन दिवसांत बुडबुडे मंद. हात तोच, कृती तीच. माझे गाइड, सर, म्हणाले, लक्ष नाही तुझं, घरी लग्नाचं चाललंय का? पीएचडी करणाऱ्या पोरांना विचारतात का हे?

९ ऑगस्ट
नेरला घरी. आई म्हणे, "पाणी फोडून राह्यली म्हणते, मंग फुटते का नाई?" फुटतं. फोडणाराच टिकत नाही.

१३ ऑगस्ट
सापडलं बहुतेक! कॉलेज तपासायला समिती येणार म्हणून एप्रिलात शुद्ध पाण्याचं नवं यंत्र आलं, चकचकीत. त्याआधी पाणी जुन्या लोखंडी टाकीतून यायचं, तळाशी गंज. म्हणजे थरातलं लोखंड झिजायचं आणि पाण्यातला गंज ते भरून काढायचा? टाकी सायकल स्टँडमागे पडली आहे. गंज खरवडून आणला, नव्या पाण्यात चिमूटभर टाकला.

२५ ऑगस्ट
चालू आहे. मस्त चालू आहे. रडू आलं. म्हणजे थर माझा टिकाऊ नव्हताच, भंगारानं मला पोसलं. नेटवर शोधलं तर ही गोष्ट परदेशात आधीच छापून आलेली. मी वाचली नव्हती, सरांनीही नाही. तीन वर्षं वाया.

२७ ऑगस्ट
सरांना सांगितलं. त्यांचा लेख तयार आहे: मार्चचा आलेख, खाली 'अतिशुद्ध पाण्यात'. म्हटलं, सर, शुद्ध नव्हतं ते. त्यांनी लेख माझ्यापुढे सरकवला, सहलेखिकेच्या जागी माझं नाव. मग, "गंजाचं नाव काढलं त डिग्री कोन देईन तुले? सही कर. बाकी मी पाह्यतो."
चीड आली. भीतीही वाटली, ती जास्त.

२९ ऑगस्ट
सही उद्यापर्यंत हवी आहे. सकाळी स्टँडमागे गेले तर टाकी नाही. सरांनीच भंगारवाल्याला बोलावलं म्हणे, जागा अडत होती. एप्रिलपासून नाही अडली.
आता तांबूस पाणी माझ्या भांड्यात आहे तेवढंच. इलेक्ट्रोड त्यात मुकाट्याने बुडबुडे सोडतोय. सही केली नाही. नाही म्हणालेही नाही.