मोईवरचा चांदपतंग

अमरावती,
९ जुलै २०२५

चि. ईशान यास,

आशीर्वाद. सूनबाई देवश्री बरी असेल. इकडे पाऊस ठीक, माझा गुडघा तसाच.

घराला गिऱ्हाईक पाठवतोयस, हा तुझा निरोप मिळाला. 'आधी मोईचं झाड तोडून घ्या, गाडीला जागा दिसेल.' वाचलं.

ती मोईची फांदी तुझ्या आईने परतवाड्याहून, माहेराहून आणून कुंपणात खोचली होती. तिचं झाड झालं. चांदपतंगाच्या हिरव्या अळ्या त्याची पानं खात आणि पानातच कोश विणत. हिवाळ्यात पानाबरोबर कोशही गळे. म्हणून तुझी आई, माझी शकुन, अंगण झाडताना पान न् पान चाचपायची. जड लागलं की टोपलीत. पावसाळ्यात त्यातून लांब शेपट्यांचे, चांदण्यात भिजल्यासारखे पतंग निघत. मी म्हणायचो, बाई, तू जंगलाची सुईण आहेस.

तिच्या तेरवीच्या मांडवासाठी अंगण मोकळं करताना ती कोशांची टोपली तू पेटवलीस. मी भाजी आणायला गेलो होतो. शेजारच्या पार्बताबाईंनी सांगितलं होतं तुला, "बापू, शकुनचे पाखरं हायेत थे, जाळू नोको."

"काकू, पाचोळा आहे," म्हणालास.

शाळेतल्या कवितांमध्ये पतंग ज्योतीवर प्रेमापायी जळायचे. हे तुझ्या काडीपेटीने जळले. पाहुणे होते, म्हणून तेव्हा गिळलं.

पण राग नुसता टोपलीचा नाही. तुझी आई अकोल्याच्या दवाखान्यात होती तेव्हा तू फोनवर म्हणालास, "पुढच्या आठवड्यात येतो." ती म्हणाली, "ये सवडीनं." आणि फोन ठेवल्यावर दाराकडे बघत राहिली. पुढचा आठवडा तिने पाहिला नाही. केर काढायला मात्र तू वेळेवर आलास.

परवा संध्याकाळी कुंपणाच्या तुराट्यांत अडकलेल्या एका पानातून मादी निघाली. टोपलीतून उडालं असेल ते पान. काल पहाटे पोहऱ्याच्या जंगलाकडून नर आला. आज मोईच्या पानांवर अंडी आहेत. तेव्हा झाड राहील, घर राहील, मीही इथेच राहीन. गिऱ्हाईक आलं तर फाटकातूनच परत जाईल.

चांदपतंगाला खायला तोंड नसतं. पंख फुटल्यावर तो आठवडाभर उपाशी जगतो आणि निमूट मरतो. तुझी आईही तुला रागाचा एक शब्द न बोलता गेली.

मला तोंड आहे.

आता सवडीनं येऊ नकोस. यायचं असेल तर अळ्या निघायच्या आत, आठवडाभरात ये, आणि पार्बताबाईंची माफी मागून मगच अंगणात पाय ठेव.

तुझ्या आईचा नवरा,
वामनराव