सदतिसाव्या मिनिटाची बातमी

आदरणीय मर्लमावशी यांच्या पायांशी (दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता) भाचा अल्विन याचा वाकून नमस्कार.

इकडे होबार्टला मी, माझी बायको आणि माझा खोकला असे तिघंही मजेत आहोत. तिकडे फ्लिंडर्स बेटावर वारा काय म्हणतो? मेंढ्या कशा आहेत? तुमचे गुडघे? (क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. मागच्या पत्रात गुडघे आधी विचारले तेव्हा मेंढ्यांना राग आल्याचं तुम्ही कळवलं होतंत.)

आता मुद्द्याचं. काल संध्याकाळी निवडणुकीतलं नेत्यांचं डिबेट झालं. एका बाजूला मुख्यमंत्री हेडली, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेत्या, म्हणजे तुमची रोवेना. तिची फजिती तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. ती माझ्यामुळे झाली, हे सांगायला हे पत्र. रोवेना माझी सख्खी मावसबहीण आहे हे मी विसरलेलो नाही. (टास्मानियात नात्यागोत्याला धरून लिहायचं म्हटलं तर वर्तमानपत्र काढताच येणार नाही. मुख्यमंत्रीही माझ्या बायकोच्या आत्याचे दीर लागतात.)

आमच्या धंद्याची रीत तुम्हाला माहीत नसेल. डिबेट सुरू होतं सातला, आणि आमची उत्तरेकडची आवृत्ती छापायला जाते पावणेसातला, कारण ट्रकला रात्रभर घाट चढायचा असतो. त्यामुळे डिबेटचा वृत्तांत आधी लिहावा लागतो. गेली बावीस वर्षं मी तो लिहितो. कोण जिंकलं हे मला कुणी सांगत नाही. मालक एक शब्द बोलत नाहीत. ते फक्त रविवारी मुख्यमंत्र्यांबरोबर तळ्यावर ट्राउट मासे पकडायला जातात आणि सोमवारी प्रसन्न दिसतात. संपादक बार्नबी तेवढं म्हणाला, "अल्विन, ती जरा अडखळते असं काहीतरी घाल. फार नको हं, आपण निःपक्षपाती आहोत." म्हणून मी लिहिलं की सदतिसाव्या मिनिटाला इस्पितळातल्या खाटांचा प्रश्न आला तेव्हा रोवेनाबाईंनी पाण्याचा पेला उचलला, अकरा सेकंद त्या गप्प राहिल्या आणि मग चुकीचा आकडा सांगितला. (दहा सेकंद लिहिलं असतं तर बनावट वाटलं असतं.) सोबतचा तिचा आ वासलेला फोटो मे महिन्यातल्या जत्रेतला आहे. त्यात ती शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री खात होती. पेस्ट्री तेवढी कापली आहे.

आणि मावशी, रोवेना काय सुंदर बोलली म्हणून सांगू. सूत्रसंचालक मुख्यमंत्र्यांना तीन मिनिटं देत होता आणि तिला दीड, तरी त्या दिडात ती त्यांना पुरून उरत होती. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझं लिहिलेलं खोटं ठरणार याचा मला आनंद झाला (विश्वास ठेवा, निदान पत्र संपेपर्यंत). छत्तीस मिनिटं झाली आणि सभागृहात एकदम गारठा आला. तोवर तिच्या टेबलावर पेला नव्हता. मी खास पाहून ठेवलं होतं. सदतिसाव्या मिनिटाला तो होता. काठोकाठ भरलेला. न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. खाटांचा प्रश्न आला. आधी पेल्याकडे तिचा हात गेला, मग ती. मी मनात मोजू लागलो. नवव्या सेकंदाला तिची नजर गर्दीतून नेमकी माझ्यावर आली. रागाची नव्हती. पुढचं वाक्य माझ्याकडे आहे आणि मी ते देत नाहीये, अशी होती. अकराव्या सेकंदाला ती म्हणाली, "चारशे एकवीस." आता ऐका. माझ्या मजकुरात मला चारशे बारा लिहायचं होतं. एकवीस ही माझ्या टंकलेखनाची चूक. ती चुकीसकट बोलली.

बार्नबीने माझ्या पाठीवर थाप मारली. "बाकीच्या पेपरांनी नऊ सेकंद छापलंय. अचूक फक्त आपण."

तुम्ही म्हणाल, मेल्या, मग तिच्या बाजूने लिहायला काय धाड भरली होती? बसलो होतो लिहायला. "रोवेनाने बाजी मारली" एवढं लिहिलंही. कुणी जवळ नव्हतं, कुणी काही म्हणालं नाही. माझ्याच हाताने ते खोडलं. मला भीती पेल्याची वाटत नाही, त्या हाताची वाटते.

घरातून नाव काढलं नसेल तर तुमचाच,
अल्विन

ता. क. आज मंगळवार आहे. डिबेट उद्या, बुधवारी आहे. यंदा बार्नबीने वृत्तांत दोन दिवस आधीच मागून घेतला. सवय अशी वाढत जाते. मागच्या दोन्ही निवडणुकांत माझं लिहिलेलं शब्दशः घडलं, तेव्हा हे पत्र लिहायला उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ दिसला नाही. शिवाय टपालाचं विमान आज दुपारी दोनला सुटतं, आणि फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. हे पत्र तुम्हाला उद्या सकाळी मिळेल. मिळाल्या मिळाल्या रोवेनाला फोन करा. तिला सांगा, पेला दिसला तरी हात पाठीशी बांधून उभी राहा आणि खाटांचं विचारलं की काहीही बोल. गाणं म्हण. फक्त गप्प राहू नकोस.

आणखी एक. उद्या रात्री आमच्या कचेरीतून तुम्हाला फोन येईल, आईची प्रतिक्रिया हवी म्हणून. तीही आधीच पानात लावून झाली आहे. "'आकडे तिला घरीही कधी जमले नाहीत,' असं त्यांच्या आई हसून म्हणाल्या." मावशी, तुम्ही हे अजून म्हणालेल्या नाहीत. उद्या ते वाक्य आपोआप तुमच्या तोंडात येईल, आणि त्याच्या आधी हसू येईल. हसू आलं की तोंड घट्ट मिटून घ्या.