पुढे पळणारं घड्याळ

४ मार्च

चिमट्यांवरून भांडण! व्यायामाच्या बाईंनी ह्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे दिलेत. उजव्या हाताने उघडायचे, दोरीला लावायचे. ह्यांनी एक लावला, दुसरा पडला, तिसरा फेकला. म्हणे, मी घड्याळजी आहे, धोबी नाही. मी म्हटलं, धोब्याचे दोन्ही हात चालतात.

लागलं असावं. पण मग वाकून चिमटा उचलला — डाव्या हाताने का होईना. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ह्यांचा उजवा हात मी उचलून उशीवर ठेवायची, जणू परक्या कुणाचा. त्या मानाने आज आम्ही चिमट्यांवरून भांडतोय, ही चैनच.

५ मार्च

आमचं वेळापत्रक लिहूनच ठेवते, म्हणजे कुणाला सूट नको. उशाचा गजर वाजला की पलंगावर पायांचे व्यायाम. मग काठी घेऊन हॉलमध्ये. खुर्चीवरून ऊठबस, टाचा उचलणं, शेवटी हात — चेंडू, चिमटे, बटणं. हॉलमधल्या घड्याळात सात वाजले की सुट्टी. त्याआधी नाही!

बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हीही करा त्यांच्याबरोबर. एकट्या माणसाला कंटाळा येतो." म्हणून मीही करते. आणि खरं सांगायचं तर माझी कंबर, जी निवृत्तीपासून कुरकुरत होती, ती गप्प झाली आहे. मोरीत बसून उठताना आता नळ धरावा लागत नाही. ह्यांच्या आजाराने मला व्यायाम लावला. उपकारच म्हणायचे.

टेलिफोन ऑफिसात मुली माझ्या माघारी मला 'शिट्टी' म्हणायच्या. हे तोंडावर म्हणतात. आज म्हणाले, "तुरुंगात बरं. शिक्षा कधीतरी संपते." जीभ शाबूत आहे, डोकं शाबूत आहे. देवाने ठेवायचं ते ठेवलंय.

८ मार्च

बारक्या आला होता. ह्यांच्या हाताखाली शिकला, आता दुकान तोच बघतो. पोट सुटलंय, नाव तेच राहिलंय. अंडी आणली, बसला, चुळबुळ करत राहिला. शेवटी बोलला. मोबाइल दुरुस्त करणारा कुणी दुकानात जागा मागतोय. खिडकीजवळचं टेबल. म्हणजे ह्यांचंच. महिनाअखेरीला उत्तर हवंय.

हे लगेच म्हणाले, "देऊन टाक. हा हात आता चिमटीत काही धरायचा नाही."

चमच्यातली आमटी अजून सांडते. शर्टाची बटणं मीच लावते. तरी मी मध्ये पडले. म्हटलं, महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. त्याआधी टेबलाला कुणी हात लावायचा नाही. बारक्याने मान हलवली. जाताना ह्यांच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत जिना उतरला. वेडा!

त्या टेबलाशिवाय हे काय करतील, मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही. म्हणूनच 'देऊन टाक'.

११ मार्च

चिमटे: तीन लागले. शाबासकी दिली नाही. चहात साखर जास्त घातली.

१२ मार्च

गंमत वाटते. सुरुवातीला सात वाजता वाजत नसत. मीसुद्धा चोरून काट्याकडे बघायची. आता खुर्चीवरची ऊठबस होते ना होते तोच टोले पडतात. सवय लागली की वेळ जाणवत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. खरं निघालं.

हेही कुरकुर करत नाहीत. उलट सात वाजले की काठी घेऊन चांगले ताठ चालत न्हाणीघरात जातात. माझं शिस्तीवरचं प्रेम ह्यांना चाळीस वर्षांनी पटलं म्हणायचं!

१५ मार्च

बेकरीवाल्याला झापलं. व्यायाम आटोपून पाव आणायला जाते, तर शटर बंद. काल बंद, आज बंद. उभी राहिले. आला डोळे चोळत. म्हटलं, धंदा करायचा तर वेळ पाळावी. तो म्हणाला, "मावशी, मी वेळेवरच आलोय." वर तोंड करून बोलतो! त्याचा मोबाइल दाखवत होता. मी बघितला नाही. ज्या घरातल्या घड्याळावर शेजारपाजारचे आपली घड्याळं लावतात, त्या घरातली बाई मोबाइल बघणार?

आमच्या घरात हा नियमच आहे. बाकी कशावरही वाद घाला, हॉलमधल्या घड्याळावर शंका घ्यायची नाही. लग्नानंतर ह्यांनी भंगारातून आणून उभं केलं, तेव्हापासून ते कधी चुकलेलं नाही. ह्यांच्या आजारपणापासून किल्ली मी देते. काट्यांना हात लावायची वेळच आली नाही.

१९ मार्च

बेकरीवाल्याची माफी मागायला हवी.

आज बाईंच्या दवाखान्यात जायचं होतं. वेळेवर निघालो, पोचलो तर दाराला कुलूप. शिपाई आला, म्हणाला, आजी, एवढ्या लवकर? तिथल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. शिपायाचं बघितलं. शेवटी पर्समधून माझा मोबाइल काढला. सगळे एका बाजूला, आमचं घड्याळ एका बाजूला.

बाईंनी ह्यांना तपासलं. पाय छान, म्हणाल्या. हाताबद्दल काही बोलल्या नाहीत, नुसतं "चालू ठेवा".

घरी येऊन पाहिलं. चांगलं पाव तास पुढे! हे समोरच बसले होते. काट्यांकडे बघितलं, वर्तमानपत्र उघडलं.

२० मार्च

नीट झोपले नाही. घड्याळाचं दुःख नाही. ह्यांचं आहे. दुकानात वीस घड्याळं एकदम टिकटिकायची आणि हे जेवता जेवता सांगायचे, तिसऱ्या रांगेतलं पुढे चाललंय. तो माणूस रोज त्या घड्याळाखाली ऊठबस करतो आणि त्याला कळत नाही? हाताची वाट बघत होते मी. कान कधी गेला, बघितलंच नाही.

काटे मोबाइलवरून लावले. ह्यांना काही बोलले नाही. बारक्याला तर नाहीच! त्याला कळलं की उस्तादांच्या घरचं घड्याळ चुकतं, तर टेबल त्याच दिवशी जाईल.

व्यायाम आज पूर्ण वेळ झाला. हे घामेघूम. सात वाजताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही लबाडी केली.

२२ मार्च

पुन्हा पुढे. दोन दिवसांत एवढं!

मुलीचा फोन. आई, तुझा आवाज असा का? म्हटलं, सर्दी. ती म्हणाली, बाबा सांगत होते, तू मारून मुटकून व्यायाम करून घेतेस, आणि म्हणूनच ते उभे आहेत. मला कधी सांगितलं नाही ते! तिला सांगतात. असो. कुठेतरी पोचलं.

२३ मार्च

हे आत पलंगावर पडले होते. म्हटलं, आपणच दुरुस्त करावं. लोलकाच्या खाली छोटी चकती असते. वर चढवली की घड्याळ पळतं, उतरवली की मंदावतं. एवढं ऐकून ऐकून माहीत आहे. काच उघडली. एका हातात फडकं होतं. दुसऱ्या हाताने चकती फिरवायला गेले, तर चकती फिरेना, सगळा लोलकच पिळवटला. वर कुठेतरी बारीकसं कुरकुरलं. मला जेमतेम ऐकू आलं.

आतून हे ओरडले, "दोन्ही हात लाव! एकाने लोलक धर. वरची पट्टी मोडशील!"

भिंतीपलीकडून! पडल्या पडल्या!

मी तिथेच स्टुलावर बसले. कान शाबूत आहे. फडकं डोळ्यांना लावलं, धुळीचं होतं तरी. मग उठून दोन्ही हातांनी चकती खाली उतरवली. अगदी बारीक आहे, दातेरी. माझ्याही बोटांतून दोनदा निसटली.

२४ मार्च

पाव घेऊन आले. बेकरीवाल्याची माफी मागितली, त्याने एक बिस्किटाचा पुडा तसाच दिला. घरात शिरले, काच उघडून बघितली. काल मी उतरवलेली चकती पुन्हा वर.

ज्याला भिंतीपलीकडून पट्टी कुरकुरलेली कळते, त्याला घड्याळ पळतंय हे न कळायला काय झालं? एका हाताने लोलक धरायचा, दुसऱ्याच्या चिमटीत चकती. दोन्ही हात गुंतले. मग काठी कुठे होती?

काठी भिंतीला टेकवलेली होती. हे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. उलटं.

चकतीला हात लावला नाही. बारक्याला फोन केला, उस्तादांचं टेबल पुसून ठेव.