तिसावी धुलाई

४ डिसेंबर
धाकट्या जावेचा तापणाऱ्या कापडाचा तुकडा बेचाळीस अंशांवर गेला. पहिल्याच आठवड्यात! माझा — अडतीस. बॅटरी तीच, चांदीच्या सूक्ष्म तारांचा लेप तोच. सहा वर्षं मी याच कापडाशी झटतेय. आणि तिला प्रयोगशाळेत आणलं कोणी? मीच.

५ डिसेंबर
पाण्याची चाचणी. तिच्या कापडावरून थेंब पाऱ्यासारखा पळाला. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "वा! भिजत नाही आणि तापतंही. खोली कशाला तापवायची? माणूस तापवा."
ते वाक्य माझं. गेल्या अहवालातलं.
धाकटी म्हणाली, "सगळं ताईंनीच शिकवलं हो."
मिरवली असती तर सोपं गेलं असतं.

७ डिसेंबर
धाकटीने उरलेल्या कापडाचा पट्टा सासूबाईंच्या गुडघ्यासाठी शिवला. "हिच्या हाताला गुण आहे बाई!" — दिवसभरात चार वेळा. माझा पट्टा दोन हिवाळे कपाटात पडून. विचारलं तर म्हणतात, "तो टोचतो गं."
टोचतो!

१० डिसेंबर
तीस धुलाया झाल्यावर जो तुकडा पाणी झटकेल आणि तापेल तो इस्पितळात जाणार, रुग्णांच्या पांघरुणांसाठी. एकच. त्यावर नावही एकच. दोघींच्या एकोणतीस झाल्या.

११ डिसेंबर
शेवटची धुलाई माझ्याकडे, वाळत घालणं धाकटीकडे. दोन भांडी, दोन तुकडे, साबण सारखाच. तिच्या भांड्यात झाकणभर सॉफ्टनर ओतलं, घरच्या कपड्यांना घालतो तेच, वासाचं. घरून डबीत नेलं होतं. त्याचा थर बसला की थेंब पळत नाही, मुरतो — हेही तिला मीच शिकवलेलं.
डबी विसळून पिशवीत टाकली.

१२ डिसेंबर
थेंब मुरला.
सरांनी तीनदा टाकून पाहिला. मग माझा तुकडा पाकिटात घातला. धाकटीने टाळ्या वाजवल्या. सर्वांत आधी तिनेच.
घरी सासूबाई म्हणाल्या, "शेवटी थोरलीनेच नाव काढलं!" पट्टा मात्र धाकटीचाच बांधलेला.

१३ डिसेंबर
चादरी वाळत घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.
"ताई, माझ्या तुकड्याला आपल्या घरच्या कपड्यांचा वास येत होता. सरांना कळला असता. वास जाईपर्यंत साध्या पाण्यात खळबळला, मग वाळत घातला."
आणि चादर झटकली.